बिनठोक्याची वळी

माघाचं ऊन. कोवळं नाही, कोपलेलंही नाही. तापवून निववलेल्या धातूसारखं, हाताला सोसवेल असं ऊन. नदीच्या दोन्ही तीरांवर ऊस तुऱ्यावर आलेला. कोसच्या कोस रुपेरी तुरे. वाऱ्याच्या एका उच्छ्वासासरशी पूर्वेला लवणारे, दुसऱ्यासरशी पश्चिमेला. उसाला तुरा आला की साखर घटते, असं रानात राबणारा कपाळाला आठ्या घालून सांगतो. रस्त्यावरून मोटारीने जाणारा मात्र काच खाली करतो आणि म्हणतो, अहाहा! मग काच वर करतो.

त्या रजततुरी रानाच्या कुशीत कसबा वाळकी. इथली चांदी तुऱ्यावर येत नाही; ती घराघरांत, सोप्यासोप्यांत, निखाऱ्यानिखाऱ्यांवर वितळते आणि वळते. घरटी एक बागेसरी, म्हणजे सोनाराची मातीची शेगडी. घरटी एक ऐरण. सूर्य कासराभर वर आला की साऱ्या गावातून बारीक हातोड्यांचा किणकिणाट उठतो. जणू गावाला एकाच वेळी हजार बारीक उचक्या लागल्या आहेत आणि कुणाची म्हणून आठवण काढून त्या थांबत नाहीत.

गावाने पिढ्यान्‌पिढ्या पैंजणं घडवली. घुंगुरभारित, मयूरांकित, मीनारंजित पैंजणं. एकेका पायात एकेक वरात. अनसूया पोतदार मात्र वळं करी. नुसतं वळं. ना फूल, ना पान, ना खडा, ना मिना. चांदीची एक तार, एक वळण, एक सांधा. आणि तो सांधाही असा, की असून नसल्यासारखा.

“आक्का, ह्यात दागिना कुठाय गं?” शेजारणी विचारत.

“बोट हाय न्हवं? त्योच दागिना,” अनसूया म्हणे, आणि पुन्हा फुंकणीला ओठ लावी.

पंचावन्न वर्षांची अनसूया. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, बोटांच्या अग्रांवर भाजल्याच्या खुणांची बारीक नक्षत्रं. तिला मुलगा मानून नव्हे, आपल्याला मुलगा नाही म्हणून तिच्या वडिलांनी ऐरणीपुढे बसवलं होतं. आणि बसल्यावर ती उठली नाही. लग्न झालं, सासर मिळालं, सासर त्याच गल्लीत असल्यामुळे ऐरणही मागोमाग आली.

चांदी आटवायची. कांब करायची. ती पोलादी पट्टीच्या छिद्रातून ओढायची. मग त्याहून सूक्ष्म छिद्रातून, मग त्याहून सूक्ष्मातून. ओढायची, ओढायची, जोवर चांदीला आपण कधी जाड होतो याचा विसर पडत नाही. मग सळईभोवती एक वेढा. मग दोन टोकांची भेट. मग सवागीचा, म्हणजे टाकणखाराचा, शुभ्र ठिपका, सांधा जोडणाऱ्या झाळेचा मोहरीएवढा कण, आणि फुंकणीतून निघालेली, निळ्या जिभेची, सुईसारखी ज्योत. क्षणभर तो कण चमकतो, थरथरतो, आणि नाहीसा होतो. दोन टोकं होती, हे आता तारेलाही आठवत नाही.

वडील, म्हणजे तात्या, त्यावर परीक्षा घेत. पिंजलेल्या कापसाचा एक विरविरीत पुंजका घ्यायचा आणि वळं त्यातून फिरवायचं. एक तंतू जरी सांध्याला अडकला, तरी वळं पुन्हा मुशीत. “कापूस अडकला, तर आज तुला जेवण न्हाई,” असं ते म्हणत. थट्टेत म्हणत, पण दोनदा खरंच वाढलं नव्हतं.

त्याच सुमारास गावात पहिलं यंत्र आलं. वरच्या आळीत, पत्र्याच्या शेडमध्ये, हार घातलेलं, कुंकू लावलेलं, तेलकट, गंभीर यंत्र. सारं गाव त्याला पाहायला लोटलं. ते एका तासात हजार कड्या कापी, आणि हजारही एकसारख्या. हातांनी जगणाऱ्या माणसांनी त्या दिवशी एक अजब गोष्ट केली: ज्याने पोटावर पाय दिला, त्याचंच नाव त्यांनी कौतुकासाठी उचललं. तेव्हापासून वाळकीत निर्दोष कामाला एकच पदवी आहे. एखाद्याने डोळ्यांची वाट लावून, पाठीचा कणा वाकवून, निष्कलंक काम करावं, आणि बघणाऱ्याने मान डोलवून म्हणावं, “व्वा! अक्षी मशीनवानी!” याहून वरचा पुरस्कार त्या गावाने अजून काढलेला नाही.

तात्यांनी अनसूयेला आयुष्यात एकदाच वाखाणलं. शेवटच्या दुखण्यात, अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी तिचं वळं कापसातून फिरवलं, उन्हाकडे धरलं, आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, “अनू, मशीनवानी झालंय गं.” मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तीस वर्षांपूर्वीचे ते चार शब्द तिने काळजात असे झाळून टाकले होते, की त्यांचाही सांधा दिसत नसे.

आणि मग शहरातून पत्रक आलं.

गुळगुळीत नव्हे, मुद्दाम खडबडीत कागदाचं, मातकट रंगाचं पत्रक. त्याच्या माथ्यावर तीनच शब्द, तेही एकमेकांपासून फटकून उभे: स्वदेशी. स्वहस्त. स्वल्प. आपल्या देशात घडलेलं, आपल्या हातांनी घडलेलं, आणि कमीत कमी. खाली बारीक मजकूर: अशा वस्तूंचा तीन दिवसांचा महोत्सव. ज्यांच्या कामाला समितीचा ‘हस्तनिर्मित’ असा शिक्का मिळेल, त्यांना मेज मिळेल, आणि त्यांचं नाव वस्तूबरोबर जाईल.

सून सुलक्षणा हिने ते मोठ्याने वाचलं. शेवटच्या वाक्याशी अनसूयेची फुंकणी थांबली.

“नाव जाईल म्हंजे?”

“म्हंजे आत्या, वळं ज्याच्या बोटात जाईल, त्याला कळंल की कुणी केलं.”

हे अनसूयेने कधी ऐकलं नव्हतं. तिची वळी गावच्या व्यापाऱ्याकडे जात, व्यापारी ती ताजव्यात टाकी, आणि ताजवा फक्त चांदी ओळखे. तीत किती श्वास फुंकले, किती कापूस फिरवला, हे कुठल्याच पारड्यात बसत नसे. पुढे ती कुठे जात, कुणाच्या बोटात जात, की सरळ कुणाच्या मुशीत जात, देव जाणे. चाळीस वर्षांत आपलं एकही वळं अनोळखी बोटात तिने पाहिलं नव्हतं.

तिने चाळीस वळी केली. वर्षाला एक, असं तिने कुणाला सांगितलं नाही.

*

शहरात, गुळाच्या जुन्या पेठेत, एक ओस पडलेलं गोदाम होतं. तिथे आता संस्कृती भरत असे. भिंतींचा गिलावा काढून विटा उघड्या केल्या होत्या, कारण उघड्या विटा प्रामाणिक दिसतात. छतातून पिवळे दिवे लोंबत होते, हरेक दिव्याला काथ्याची दोरी. गूळ जाऊन वीस वर्षं झाली होती. पण जमिनीच्या भेगाभेगांतून त्याचा एक जुनाट, मधुर, खमंग दरवळ अजून येई, आणि त्या दरवळावर विश्वास ठेवून मुंग्यांची एक काळी, शिस्तबद्ध, श्रद्धाळू रांग महोत्सवाला रोज हजर असे. सबंध गोदामात निव्वळ स्वदेशी अशी तीच एक संघटना होती.

अनसूया आणि सुलक्षणा सकाळीच पोचल्या. बरोबर वळ्यांची मऊ पुरचुंडी, आणि एका पिशवीत ऐरण, हातोडी, फुंकणी, बागेसरी, किसाचा डबा: करून दाखवायला सांगितलं तर असावी म्हणून. दारावरच्या स्वयंसेवकाने पिशवीत डोकावून पाहिलं आणि विनम्रपणे सांगितलं, की आत निखाऱ्याला परवानगी नाही. हस्तकलेचा महोत्सव होता. त्यात हस्तकला करायला मनाई होती. नियम अग्निशमनाचा होता, आणि तो अगदी योग्यच होता.

समितीच्या प्रमुख मेघमाला रणदिवे. साधेपणाला जेवढा खर्च येतो, तेवढा त्यांनी बिनतक्रार केलेला. जाडीभरडी, अनघड, शेवाळरंगी साडी. कपाळावर काहीच नाही, पण ते काहीच नाहीसुद्धा ठसठशीत. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन सभासद, आणि तिघांच्या पुढ्यात सागवानी मुठीचा तो शिक्का, गादीवर पहुडलेला.

अनसूयेने पुरचुंडी सोडली.

चाळीस वळी उजेडात आली. चाळीस निरभ्र, निःशब्द, निरलंकार वळी. चांदी जणू बोलायची थांबली होती आणि तिच्या मौनालाच कुणी वळण दिलं होतं. अनसूयेने एक वळं उचललं, कापसाचा पुंजका काढला, वळं त्यातून अलगद फिरवलं, आणि समितीपुढे कापूस धरला. एक तंतू हलला नव्हता.

समितीला त्या कापसाचं काय करायचं ते कळलं नाही. एका सभासदाने तो हातात घेतला आणि रुमालासारखा खिशात ठेवला.

मेघमालाबाईंनी वळं दिव्याखाली धरलं. फिरवलं. पुन्हा फिरवलं. “अनसूयाताई,” त्या हळुवारपणे म्हणाल्या, “यात तुमचा हात दिसत नाही हो.”

अनसूयेचा ऊर भरून आला. तात्यांनी ज्यासाठी दोनदा उपाशी ठेवलं, ते एका परक्या बाईने एका नजरेत ओळखलं होतं! हात दिसत नाही. सांधा दिसत नाही. कारागीर संपूर्ण विरघळला आहे आणि फक्त वळं उरलं आहे. तिने दोन्ही हात जोडले. आणि तिच्यापाशी जे सर्वांत मोलाचं होतं, ते तिने, कुणी मागितलं नसताना, त्या मेजावर ठेवलं.

“बघा की बाई,” ती उजळ चेहऱ्याने म्हणाली, “अक्षी मशीनवानी!”

 

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका सभासदाने अर्जावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि ते तळव्याने झाकलं. मेघमालाबाईंच्या चेहऱ्यावर, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना डॉक्टरांच्या असतं तसं, एक सराईत दुःख आलं.

“हीच तर अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “हे यंत्राचं वाटतं. हातात एक थरथर असते, एक चुकणं असतं. अपूर्णतेतच आत्मा असतो, ताई. हे फार... स्वच्छ आहे.”

“स्वच्छ हाय म्हंजे वाईट हाय व्हय?”

“वाईट नाही. पण हातचं नाही वाटत. एक करा ना. दोन-चार ठोके द्या. सगळ्यांवर. थोडं ओबडधोबड करून आणा, आम्ही लगेच शिक्का देतो. दुपारपर्यंत वेळ आहे.” आणि त्या पुढच्या अर्जाकडे वळल्या. तो शेणाच्या गोवऱ्यांच्या आकाराच्या, चंदनाचा वास असलेल्या साबणांचा होता. त्याला शिक्का मिळाला.

*

दुपार चढू लागली. उंच झरोक्यांतून उन्हाचे तिरपे पट्टे आत आले, आणि त्या पट्ट्यांत धूळ, सुवर्णधूळ, गूळधूळ, मंद मंद फिरू लागली. अनसूया एका खांबाला टेकून बसली होती. मांडीवर पुरचुंडी. तिच्या अंगातून संताप अजून उठला नव्हता. आधी नुसती एक उष्णता येते, धातू लाल होण्याआधी येते तशी, रंगहीन.

थरथर? तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. ही थरथर घालवायला एक आयुष्य लागलं होतं. बारा वर्षांची असताना होती की थरथर. हवी तेवढी होती.

तेवढ्यात सुलक्षणा पदर खोचत लगबगीने आली. “आत्या, चला. एक गंमत दावते. बोलू नका, नुसतं बघा.”

गोदामाच्या ऐन मध्यावर सर्वांत मोठं मेज. त्यावर फलक: ‘किंचित’. खाली बारीक अक्षरांत: स्वदेशी हातांचं, स्वल्प सौंदर्य. प्रत्येक वळं एकमेव. मेजावर वाळू पसरलेली, वाळूवर सुकी पानं, पानांवर चांदीची वळी. हरेक वळ्याला काथ्याची गाठ आणि मातकट चिठ्ठी. चिठ्ठीवर ठसठशीत, तांबडा, ‘हस्तनिर्मित’. मेजामागे निषाद नावाचा तरुण मालक. सुरकुतलेला सदरा, सुरकुती कडक इस्त्रीची.

अनसूयेने एक वळं उचललं. त्यावर ठोक्याचा एक खळगा होता. बरा होता, ओबडधोबड होता. तिने दुसरं उचललं. खळगा होता. तिसरं उचललं. मग तिने चष्मा वर सरकवला, बारा वळी ओळीने वाळूवर मांडली, आणि ती थांबली.

बाराही वळ्यांवर खळगा एकाच जागी होता. तेवढाच खोल, तेवढाच लांबट, डाव्या अंगाला तीच एक केसाएवढी चीर. बारा जुळी. एका साच्यातून ओतलेली, एका चुकीची बारा बाळं. तात्यांच्या वेळचं यंत्र निदान निर्दोष वस्तू काढत होतं. हे यंत्र चुका काढत होतं, आणि त्याही एकसारख्या.

“मावशी, आवडलं का?” निषाद लवून म्हणाला.

“ह्या समद्यांना एकाच जागी डास चावलाय व्हय रं बाबा?”

तो क्षणभर गडबडला. मग हसला, त्याचं हसूही काथ्याने बांधल्यासारखं होतं. “तो आमचा सिग्नेचर ठोका आहे, मावशी.”

“आन् मेजाखालच्या पिशव्या?” सुलक्षणा कडाडली. “शंभर-शंभर वळी, प्लास्टिकात. वर चौकटी-चौकटीची अक्षरं. मराठी न्हवं, हिंदी न्हवं, इंग्रजीबी न्हवं. टाचणी शोधाय वाकले तवा बघितलं मी.”

“पॅकिंग मटेरियल आहे ते,” निषाद म्हणाला, आणि पायाने मेजाचा खादीचा पडदा खाली ओढला.

आता धातू लाल झाला. अनसूया बारा वळी ओंजळीत घेऊन थेट समितीपुढे गेली. ती ओंजळ तिने मेघमालाबाईंपुढे रिती केली. खळाळत, घरंगळत, बारा वळी बारा दिशांना गेली आणि एकसारखाच आवाज करून थांबली.

“बाई, बघा ह्यो आत्मा. बारा जागी एकच आत्मा हाय.”

मेघमालाबाईंनी पाहिलं. त्यांनी नक्कीच पाहिलं, कारण त्या पाहून दुसरीकडे बघू लागल्या. “त्यांनी स्वयंघोषणापत्र जोडलेलं आहे, ताई,” त्या अखेर म्हणाल्या. “हाताने केल्याचं. सहीसकट.” आणि त्या ‘किंचित’च्याच सौजन्याने आलेल्या कुल्हडातला चहा प्यायल्या.

म्हणजे असं होतं. वाळकीत हाताच्या कामाला यंत्राचं म्हणून मान होता, आणि इथे यंत्राच्या कामाला हाताचं म्हणून. मधल्या रस्त्यावर, तीस कोसांच्या त्या तुरेदार रस्त्यावर, हात कुठेतरी उतरून गेला होता, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

*

“आत्या,” सुलक्षणा खांबाशी आली, तेव्हा तिचा आवाज उतरला होता. “मारा की दोन-दोन ठोके. काय बिघाडतंय? न्हाई तर ही चाळीस परत ताजव्यात. तुमचं नाव जायाचं ऱ्हाईल.”

तिचं खोटं नव्हतं. अनसूयेला दिसत होतं: चाळीस चिठ्ठ्या, चाळीस वेळा तिचं नाव, चाळीस अनोळखी बोटं. आणि दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्याचा ताजवा, मग मूस, मग काहीच नाही. मधे फक्त दोन-दोन ठोके. ऐंशी ठोके. घटकाभराचं काम.

तिने पिशवीतून ऐरण काढली. ती मुठीएवढी, चकचकीत, मधोमध झिजलेली ऐरण तिने समितीच्या मेजावर, शिक्क्याच्या शेजारी ठेवली. हातोडी काढली. पुरचुंडीतून एक वळं निवडलं. निवडताना तिची बोटं कुठल्या वळ्यापाशी घुटमळली, हे आपण पाहू नये.

माणसं गोळा झाली. मोबाइल वर झाले; काळ्या काचांचं एक वर्तुळ, आणि त्याच्या मध्यावर, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात, ते वळं. निखळ. निर्मळ. निष्ठोक. तारेसारखं ताणलेलं त्याचं तेज जणू श्वास रोखून थांबलेलं.

हातोडी पडली.

एकच ठोका. वीस वर्षं रित्या असलेल्या त्या गोदामाने तो झेलला आणि विटाविटांतून परत दिला. वळं एका बाजूने बसलं; नीट जेवणाऱ्या तोंडातला एक दात पडावा तसा खळगा.

“वा!” मेघमालाबाई उठूनच उभ्या राहिल्या. “बघा! आता कसं श्वास घेतंय!” आणि त्यांनी लगोलग चिठ्ठी ओढली, शिक्का उचलला, गादीवर दाबला, चिठ्ठीवर उमटवला. हस्तनिर्मित. चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने वळ्याला बांधली. “आता याच्यासारखीच बाकीची करा.”

अनसूयेने ते वळं घेतलं. चिठ्ठीसकट घेतलं. मग पिशवीतून एक पोचे आलेला पत्र्याचा डबा काढला, त्याचं झाकण उघडलं. आत चांदीचा कीस होता, तुटलेल्या तारा होत्या, फसलेले वेढे होते.

“बाई,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तो बारीक झाला होता, सर्वांत सूक्ष्म छिद्रातून ओढल्यासारखा. “चुकलेल्या कामाचा ह्यो डबा. आमच्यात असलं झालं, की ह्यात टाकत्यात आन् आटवत्यात. चाळीस वर्सांत ह्यात लई पडलंय. शिक्का मारलेलं आज पयलंच.”

तिने वळं सोडलं. ते टिणकन् आत पडलं. चिठ्ठीचं मातकट टोक बाहेर राहिलं, तेही तिने बोटाने आत दाबलं, आणि झाकण लावलं.

“आन् मशीनवानी म्हटलं, त्ये माझंच चुकलं. लई वर्सं चुकतच हुतं. माझ्यावानी म्हणायला पायजे हुतं.”

आणि मग टाळ्या पडल्या. हे प्रात्यक्षिक आहे, असा जमलेल्यांचा समज झाला होता. निषादने सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या, आणि आपल्या माणसाला हळूच विचारलं, की हा व्हिडिओ नीट आला का. अनसूयेने पिशवी भरायच्या आत तिच्यासाठी राखलेलं रिकामं मेज ‘किंचित’च्या मेजाला जोडलं गेलं, त्यावर वाळू ओतली गेली, पानं अंथरली गेली. मुंग्यांची रांग तेवढी त्या वाळूला वळसा घालून, आपल्या वाटेने, गेली.

*

बाहेर अंगणात ऊन पांढरं पडलं होतं. चिंचेखाली दगडी हौद. गुळाच्या गाड्यांचे बैल कधीकाळी तिथे पाणी पीत. हौदाच्या सावलीत जैनबी मणेर बांगड्यांची पेटी उघडून बसली होती. तिला आत मेज मिळालं नव्हतं, कारण तिने मागितलं नव्हतं. काचेच्या बांगड्या विकायला अर्ज करावा लागतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“बस गं माय. लई लाल झालीयास,” ती म्हणाली. “भांडण झालं काय?”

अनसूया बसली. मांडीवरची पुरचुंडी सुटली, आणि एक वळं घरंगळत जैनबीच्या पायाशी गेलं.

जैनबीने ते उचललं. डोळ्यांपुढे धरलं नाही. उलट तिने डोळे मिटले. पन्नास वर्षं परक्या मनगटांतून बांगड्या चढवणाऱ्या, हाडं ओळखणाऱ्या, दुखलं तर दुखायच्या आधी थांबणाऱ्या आपल्या अंगठ्याने तिने ते वळं हळूहळू, सबंध, एकदा फिरवलं. मग उलटं फिरवलं.

“हाताचं हाय,” ती म्हणाली.

अनसूया दचकली. “कशावरनं?”

“कशावरनं म्हंजे?” जैनबीने डोळे उघडले, आणि असा अडाणी प्रश्न विचारणाऱ्या बाईकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “अगं, मशीन कशाला येवढी काळजी घील?”

सुलक्षणा तोंड फिरवून चिंचेकडे बघू लागली. अनसूयेने चष्मा काढला. चष्म्याला काही झालं नव्हतं, तरी तिने तो पदराने बराच वेळ पुसला.

“कुणी केलंय?”

“मी.” आणि क्षणभराने, सवय नसल्यामुळे अडखळत, “अनसूया पोतदार. कसबा वाळकी.”

“अनसूया पोतदार,” जैनबीने पाठ केल्यासारखं म्हटलं, आणि वळं आपल्या करंगळीशेजारच्या बोटात, सुरकुत्यांवरून, सांध्यावरून, बांगडी चढवावी तशा हलक्या हाताने चढवलं. “ह्ये मी देत न्हाई आता. सुनंचा हात दे हिकडं. हिरव्या भरू, का लाल?”

“दोन्ही,” सुलक्षणा म्हणाली, आणि तिघी हसल्या. अनसूया जरा उशिराने, पण हसली.

हिरवी, लाल, हिरवी, लाल. काचेची किणकिण सुरू झाली. आतून ध्वनिक्षेपकावर मेघमालाबाईंचा आवाज येत होता: अपूर्णता, आत्मा, आपली माती. अनसूया उठली आणि हात धुवायला हौदापाशी गेली.

हौदाचा नळ गळका होता. थेंब धरे, जड होई, लवे, सुटे. काळ्याशार, निवांत पाण्यावर तो पडे, आणि पडल्या जागी एक वळं उमटे. बारीक, चंदेरी, पूर्ण. ते रुंदावे, लवलवे, हौदाच्या काठापर्यंत जाई आणि निमूट दगडात विरे. मग दुसरं. मग तिसरं. ना ठोका, ना चिठ्ठी, ना शिक्का. कुणी पाहावं असा हट्ट नाही, कुणी पाहिलं नाही म्हणून खंत नाही.

भाजलेल्या बोटांची ती ओंजळ पाण्यावर तशीच थांबली. आणि थेंब पडत राहिला, आणि वळं उमटत राहिलं. थेंब पडत राहिला, वळं उमटत राहिलं, उमटत राहिलं.